‘कोलेस्टेरॉलची गोळी’ आणि डोक्याला मार

घसरून पडलेल्या आजोबांच्या घरच्यांना ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ असे विचारले, की उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ‘बीपीची एक, शुगरची एक आणि रात्री कोलेस्टेरॉलची एक,’ सून सांगते. त्या रात्रीच्या कॅप्सूलमध्ये ॲटोरव्हास्टॅटिनच्या जोडीला ॲस्पिरिन असते, कधी क्लोपिडोग्रेलही. इकोस्प्रिन गोल्डमध्ये तर तिन्ही आहेत. सून खोटे बोलत नसते; आपला प्रश्न चुकलेला असतो. औषधांची पिशवी मागवावी आणि स्ट्रिप स्वतः वाचावी.

हा आग्रह अशासाठी, की या रुग्णात पहिल्या तासाचा जीसीएस १५ हा फसवा दिलासा असतो. वयाबरोबर मेंदू आकसतो, ड्यूराकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. एरवी आपोआप थांबला असता असा पाझर गोळीमुळे थांबत नाही आणि रुग्ण गप्पा मारता मारता संध्याकाळी झोपाळू होतो. ज्या कॅनेडियन सीटी हेड रूलच्या आधारे आपण स्कॅन टाळतो, तो २००१ साली तयार करताना तोंडावाटे रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण वगळलेले होते. हा नियम त्यांना लावताच येत नाही.

ब्रिटनच्या नाइसने २०२३ मध्ये आपली सूचना सौम्य केली: दुसरे लक्षण नसेल तर आठ तासांत सीटीचा ‘विचार करावा’, आणि नुसते ॲस्पिरिन घेणाऱ्याला यातून सूट. आमचे मत जरा कडक आहे. तालुक्याला सीटी एक वेळ मिळतो, पण रात्रभर दर तासाला रुग्णाला उठवून बघणारे माणूस मिळत नाही. तेव्हा स्कॅन करावाच. क्लोपिडोग्रेलला ‘साधी गोळी’ समजू नये. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात १,०६४ रुग्णांपैकी क्लोपिडोग्रेलवाल्यांत १२ टक्क्यांना, तर वॉरफेरिनवाल्यांत ५.१ टक्क्यांना लगेचच रक्तस्राव दिसला होता. पहिला स्कॅन स्वच्छ असलेल्यांत मात्र उशिराचा रक्तस्राव वॉरफेरिनवर ०.६ टक्के होता आणि क्लोपिडोग्रेलवर एकालाही झाला नाही. म्हणून आयएनआर आटोक्यात असेल आणि घरी जागे माणूस असेल, तर सरसकट दुसरा स्कॅन नको.

स्कॅनमध्ये रक्त दिसले, तर खरा तोटा वाटेतल्या वेळेत होतो. आपल्याकडे ॲसिट्रॉमवर असलेला रुग्ण म्हाताराच असेल असेही नाही. संधिवाती हृदयविकारात धातूची झडप बसवलेली तिशीची बाई स्कूटरवरून पडून येते. तिला व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश द्यावे, दंडात किंवा कमरेत नाही. त्याचा परिणाम यायला तास लागतात, म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावतानाच ते सुरू व्हावे. एफएफपी किलोला १५ मिलि धरले तर ६० किलोच्या रुग्णाला ९०० मिलि होते, आणि अशा हृदयाला ते पेलेलच असे नाही. पीसीसी मिळत असेल तर तेच उत्तम. महाग आहे, आणि तालुक्याच्या फ्रिजमध्ये ते क्वचितच असते. रेफर करताना फोनवर ‘पीसीसी आहे का?’ हे न्यूरोसर्जनच्या चौकशीइतकेच महत्त्वाचे आहे.

रिव्हारोक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅनवाल्यांत नॉर्मल आयएनआर पाहून निर्धास्त होऊ नका. शेवटचा डोस किती वाजता घेतला आणि क्रिएटिनिन किती, हे रेफरल चिठ्ठीवर लिहा. डॅबिगॅट्रानला इडारुसिझुमॅब हा नेमका उतारा आहे. अँटीप्लेटलेटवर रक्तस्राव दिसला की प्लेटलेट चढवण्याची सवय मात्र सोडावी. २०१६ च्या पॅच चाचणीत प्लेटलेट दिलेल्यांचे हाल अधिक झाले. ते रुग्ण मार लागलेले नव्हते, आपोआप रक्तस्राव झालेले होते, हे खरे. तरी शस्त्रक्रिया ठरलेली नसताना प्लेटलेट द्यायला त्यामुळे आधार उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ‘पडतात, म्हणून बंद करा’ असे सांगून एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाची गोळी तोडणारे आपल्यात कमी नाहीत. १९९९ मधल्या एका गणितानुसार वॉरफेरिनचा फायदा सबड्यूरलच्या भीतीने पुसला जायला माणसाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. कागदावरचे गणित आहे, पण अंदाज यायला पुरेसे.

शेवटी डिस्चार्ज कार्ड. त्यावर ‘ब्लड थिनर बंद’ एवढेच लिहिलेले असते. कधी सुरू करायचे आणि ते कोण ठरवणार, याचा पत्ता नसतो. कार्डिओलॉजिस्टला वाटते न्यूरोसर्जन सांगतील, न्यूरोसर्जनला वाटते कार्डिओलॉजिस्ट. झडपेची रुग्ण महिन्याभराने फॅमिली डॉक्टरकडे ताप दाखवायला येते, तेव्हा गोळी अजून बंदच असते.