विश्लेषण : पार्टीच्या रात्री कोलेस्टेरॉलची गोळी टाळावी का?

गटारी असो वा थर्टी फर्स्ट, अनेक घरांत एक हिशोब ठरलेला असतो : ‘आज घेणार आहे, मग गोळी नको.’ ही गोळी बहुधा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी असते. काळजीपोटी केलेला हा हिशोब उलटा आहे.

हा समज कशामुळे?

शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते. स्टॅटिन गटातील औषधे तिथेच ते रोखतात. दारूचे विघटनही यकृतातच होते. त्यामुळे ‘दोन्ही एकत्र आले की लिव्हर गेले’ असे मानले जाते. प्रत्यक्षात स्टॅटिनमुळे यकृताला गंभीर इजा होणे दुर्मीळ आहे. यकृत निरोगी असेल, तर क्वचित घेतलेल्या एखाद्या पेगमुळे या गोळीचा त्रास सहसा होत नाही.

मग धोका कुठे?

नियमित आणि भरपूर पिण्यात. त्याने यकृतात चरबी साचते, रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब वाढतो. गोळीने कमावलेले ग्लास घालवतो. स्टॅटिनमुळे स्नायूंना होणाऱ्या इजेची जोखीमही अतिमद्यपानाने वाढते. अंग असह्य दुखणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास तातडीने डॉक्टर गाठावा.

एका रात्रीने काय बिघडते?

एकदा चुकल्याने फारसे नाही. पण आठवड्यातून दोनदा ‘बसणारा’ माणूस वर्षाला शंभरावर गोळ्या चुकवतो. शिवाय अनेकांच्या एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिनसोबत रक्त पातळ करणारे औषधही असते. नुकताच स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ते परस्पर टाळले, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. अशा औषधांवर दारू घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हेही खरेच. म्हणून अशा रुग्णाने दारू टाळावी, गोळी नव्हे.

उपाय काय?

खरे उत्तर देणे. ‘घेता का?’ असे डॉक्टर विचारतात, तेव्हा शेजारी बायको-मुले बसलेली असतात. उत्तर येते, ‘कधीतरी.’ त्या अर्धसत्यावर औषध ठरते. डॉक्टरांनी हा प्रश्न एकांतात विचारावा आणि रुग्णाने पेग मोजून सांगावेत. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गोळी आणि ग्लास यांपैकी एक सोडायचेच असेल, तर ग्लास सोडावा.