दान नव्हे, देणे

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. निर्णय योग्यच होता. फक्त तो फार उशिरा झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे २४ वे कलम असे सांगते की, दिव्यांगांस मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तत्सम योजनांतील साहाय्यापेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे. तरीही २०२३ मध्ये या योजनेचे अनुदान १५०० रुपये झाले, तेव्हा दिव्यांगांच्या पदरी इतर लाभार्थ्यांइतकीच रक्कम पडली. कायद्याचे वचन आणि त्याचे पालन यांत इतके अंतर पडावे, हे कोणत्याही शासनास भूषणावह नाही.

परंतु आमचा प्रश्न केवळ रकमेचा नाही. त्या रकमेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा आहे. प्रथम केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज; नंतर नेमल्या दिवशी शासकीय रुग्णालयात तपासणी; टक्केवारीचे प्रमाणपत्र हाती आले की उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते यांची जुळवाजुळव; आणि मग तहसील कार्यालय. धडधाकट माणसाचेही जोडे झिजावेत असा हा मार्ग ज्यांच्यासाठी आखला, त्यांतील कित्येकांस चालता येत नाही, कित्येकांस फलक वाचता येत नाही. या योजनेसाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असावे लागते. अशा घरात रिक्षाचे भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी यांचा हिशेब काय होतो, हे निराळे सांगावयास नको. ‘डॉक्टर आज आले नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ हे एक वाक्य त्या घरास एका दिवसाच्या अन्नास मुकविते.

यावर ४० टक्क्यांची रेषा. शाळेतही उत्तीर्णतेची रेषा असते. पण एका गुणाने हुकलेल्या मुलाची उत्तरपत्रिका सहृदय शिक्षक पुन्हा एकदा उघडून पाहतो. ज्याच्या प्रमाणपत्रावर ३९ हा आकडा पडला, त्यास ५९ व्या कलमाने अपिलाचा अधिकार दिला आहे. तो त्यास सांगणार कोण? ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. इकडे हयातीचा वार्षिक दाखला वेळेवर पोहोचला नाही, तर लाभार्थ्याचे अनुदान थांबते. कार्यालयास विलंब होत असेल तर मुदत वाढते, गरजूस विलंब झाला तर त्याची चूल थंडावते. हा न्याय कोणत्या तागडीतला?

खोट्या प्रमाणपत्रांचे काय, असे कोणी विचारील. सनदी सेवेतील एका निवडीवरून २०२४ मध्ये उठलेल्या गदारोळाने ही शंका घराघरांत पोहोचविली. लबाडांस कठोर शासन व्हावे, यात दुमत नाही. त्यासाठी ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पण कागद जमविणे हीच तर लबाडाची विद्या! कागदांची संख्या वाढविली की चोर अडत नाही, साव अडतो.

यंत्राने हे सारे सुकर होईल, हा भरवसाही पुरता खरा नाही. ॲसिडच्या हल्ल्यात डोळ्यांस इजा झालेल्या एका स्त्रीस बँकेच्या ओळखपडताळणीत पापण्या मिटून दाखविण्यास सांगण्यात आले. त्या प्रकरणी ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. न्यायालयास हे सांगावे लागले, यातच सारे आले.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच द्यावी. नकार द्यावयाचा तर कारण आणि अपिलाची जागा लेखी कळवावी. जे दाखले शासनानेच दिले, ते शासनानेच आपल्या दप्तरातून काढावेत. तपासणीचे मंडळ ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी जावे, आणि जो अंथरुणास खिळला आहे त्याच्या घरी जावे. जे अपंगत्व कायमचे आहे, त्याचा पुरावा पुन:पुन्हा मागू नये.

आमच्या सुशिक्षित वाचकांसही थोडे करता येईल. आपल्या इमारतीच्या पहारेकऱ्याच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या घरी असे मूल असेल, तर एका रविवारी बसून त्याचा अर्ज भरून द्यावा, आणि नकार आला तर अपीलही लिहून द्यावे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक भरली होती. त्यांतील गरजूंस आपण जे देतो ते दान असते, तर त्यांनी दाराशी ताटकळत उभे राहणे एक वेळ समजले असते. कायद्याने ते देणे ठरविले आहे. आणि ज्याचे देणे लागतो, त्याच्या दारी आपण जावयाचे असते.