आधी विचारा, मग टोचा

नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असलेल्या घरात हा अंक फराळासोबत उघडला जाईल. हे संपादकीय तिच्या आईवडिलांसाठी. आपण मोघमपणे ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतो, त्यातला गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखावर स्त्रियांना तो गाठतो आणि सुमारे ८० हजार जणी दगावतात. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी एचपीव्हीची लस मिळालेल्या पिढीत या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले. पुण्याच्या सीरमची देशी लसही २०२३मध्ये आली.

तपासणी पुरेशी नाही का, हा आक्षेप वजनदार आहे, कारण त्याचा पुरावा मराठवाड्यातलाच. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. पण त्यासाठी बाईने तपासणीला यावे लागते, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिशी-चाळिशीतल्या शंभरात दोघीही तपासलेल्या आढळल्या नाहीत. लस सगळे प्रकार रोखत नाही, म्हणून तपासणी पुढेही लागेलच. तिच्या भरवशावर लस टाळणे मात्र परवडणारे नाही. राहिली मुली बिघडण्याची कुजबूज: धनुर्वाताची सुई घेतली म्हणून कोणी गंजक्या खिळ्यांवर नाचत नाही.

संशयाचे खरे मूळ २०१०मध्ये आहे. खम्मम आणि वडोदऱ्याच्या एचपीव्ही लसीकरण प्रकल्पात सात मुली दगावल्या आणि लसीकरण स्थगित झाले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले. २०१३मध्ये संसदीय समितीने कोरडे ओढले, ते रास्तच होते. लस निर्दोष ठरली म्हणून कारभार निर्दोष ठरत नाही. त्या स्थगितीने पुणे-बार्शीतही केंद्रे असलेल्या दुसऱ्याच अभ्यासातल्या हजारो मुलींचे डोस अर्धवट राहिले. दहा वर्षांनी पाहिले, तर एकच डोस मिळालेल्या मुलींनाही सगळे डोस घेतलेल्यांइतकेच जवळपास संरक्षण लाभले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये एक डोस मान्य केला, त्यामागे हा पुरावाही आहे.

म्हणून गडचिरोली-मेळघाटच्या आश्रमशाळांत लस जरूर न्यावी, पण अधीक्षकाच्या सहीवर नव्हे. माडिया-कोरकूत समजावणारी आशाताई, नकाराची मुभा आणि ताप आल्यास फोन कोणाला करायचा याचे उत्तर, एवढे सुई उघडण्याआधी तयार हवे. नागपुरातल्या पालकांना तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला दिवाळीची सुट्टी पुरे.