अहवाल कोणाचा, पैसा कोणाचा?

दोन वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात एका कारखान्याच्या विस्तारासाठी जनसुनावणी होती, तिथे गेले होते. मंडप, पुढे जिल्हा प्रशासनाचे अधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब. कंपनीने नेमलेल्या सल्लागार संस्थेचा माणूस पडद्यावर तक्ते दाखवत होता. हवा मर्यादेत, पाणी मर्यादेत, आवाजही मर्यादेत. गावातल्या बायका सांगत होत्या की वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पुन्हा धुवावे लागतात. त्यांचं बोलणं इतिवृत्तात "धुळीबाबत सूचना" एवढ्याच शब्दांत आलं.

चहाच्या वेळी त्याच संस्थेत हवेचे नमुने घेणारा एक मुलगा जवळ आला. "जय भीम ताई," म्हणाला. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., आपल्याच समाजातला. मी त्याला आकड्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मशीन मीच लावतो ताई. पण अहवालात काय जाईल ते सर ठरवतात, आणि सरांना पार्टी सांगते."

पार्टी म्हणजे पैसे देणारी कंपनी. या धंद्याची सगळी गोम या एका शब्दात आहे.

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठे कारखाने, खाणी, वीज प्रकल्प यांना काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल, म्हणजे ईआयए, लागतो. तो लिहिणारी संस्था भारतीय गुणवत्ता परिषदेच्या 'नॅबेट' मंडळाची मान्यता असलेली हवी. इथपर्यंत ठीक आहे. पण त्या संस्थेची निवड प्रकल्प मालक करतो, फी तोच देतो, पुढचं काम द्यायचं की नाही हेही त्याच्याच हातात. ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासनीस ठेवायचा, असा हा प्रकार. हवेचे मूळ आकडे साधारण एकाच हंगामाचे, पावसाळा वगळून, घेतले तरी चालतात. म्हणजे पावसात राखेच्या बंधाऱ्यातून वाहून विहिरीत काय उतरतं, ते त्या आकड्यांत येतच नाही.

या पद्धतीतून काय निपजतं त्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता. कोकणातले पक्षी स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात राहतात, असं त्यात लिहिलेलं! हसू येतं, पण गावकऱ्यांनी तो वाचला आणि पकडला म्हणून हसता येतं. न वाचलेले किती असतील?

कोणी म्हणेल, हा काही बेईमान माणसांचा प्रश्न आहे, व्यवस्थेचा नाही. मला तसं वाटत नाही, आणि याला भक्कम पुरावा गुजरातचा आहे. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ पासून कारखान्यांचं खासगी लेखापरीक्षण होतं. तिथेही परीक्षकाला पैसे कारखानाच देत होता. पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरात मंडळासोबत अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. काही कारखाने जुन्या पद्धतीवर ठेवले. बाकीच्यांना परीक्षक चिठ्ठी काढल्यासारखा नेमून दिला, त्याची फी ठरावीक ठेवली, ती एका सामायिक निधीतून दिली, आणि त्याने घेतलेल्या मोजणीची मधूनमधून फेरतपासणी केली.

जुन्या पद्धतीतल्या परीक्षकांनी धुराड्यातल्या धूलिकणांची मर्यादा फक्त ७ टक्के कारखाने ओलांडतात असं लिहिलं होतं. फेरतपासणीत ते प्रमाण ५९ टक्के निघालं. कागदावरचे बरेचसे आकडे मर्यादेच्या किंचित खाली येऊन थांबलेले होते. नव्या पद्धतीत 'मर्यादेत' असा खोटा शेरा मारण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घसरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या कारखान्यांचं प्रदूषणही खरोखर कमी झालं. परीक्षकांचा धंदा तोच होता. पैसा कुठून येतो आणि काम कोण देतो, एवढंच बदललं होतं.

२९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम आणले. खासगी नोंदणीकृत परीक्षक कारखान्यांची तपासणी करतील आणि त्यांची नेमणूक यादृच्छिक पद्धतीने होईल, असं त्यात आहे. हे पाऊल मी चांगलं मानते. पण मंजुरीच्या आधीचा ईआयए अहवाल लिहिणारा सल्लागार आजही मालकच निवडतो. मूळ गाठ सुटलेलीच नाही. शिवाय जनविश्वास कायद्याने २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली नियमभंगासाठीची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. मोठ्या कारखान्याला एवढा दंड खर्चाच्या एका रकान्यात बसवता येतो.

आणि आता तो विषय, ज्यावर आपल्या ग्रुपवर बोलायला सगळे कचरतात. १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने 'वनशक्ती' खटल्यात सांगितलं होतं की आधी प्रकल्प उभारायचा आणि नंतर मंजुरी घ्यायची, हे चालणार नाही. १८ नोव्हेंबरला तोच निकाल दोन विरुद्ध एक अशा मताने मागे घेण्यात आला. बहुमतात सरन्यायाधीश भूषण गवई होते. सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, अशी चिंता त्यांनी मांडली. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी विरोधी मत लिहिलं.

गवई साहेब त्या खुर्चीवर बसले तेव्हा आपल्या विहारांत पेढे वाटले गेले, मीही वाटले. तो अभिमान मला आजही आहे. तरी हा निकाल आपल्या वस्त्यांच्या हिताचा नाही, असं माझं मत आहे. कारखाना उभा राहिल्यावर लिहिलेला अहवाल 'हे होऊ द्यावं का' असं विचारतच नाही, तो झालेलं निस्तरतो. आणि नुकसान किती झालं हेही पुन्हा मान्यताप्राप्त सल्लागारच मोजणार. व्यक्तीचा आदर ठेवून निर्णयाची चिकित्सा करायला बाबासाहेबांनीच शिकवलं.

'आपल्या वस्त्या' हे मी उगाच म्हणत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्याच चंद्रपूरला २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात ८३.८८ गुण मिळाले, देशात चौथा क्रमांक. २०१८ च्या यादीत तारापूर पहिलं आलं. भद्रावतीला विजासनची लेणी पाहायला जाताना रस्त्याने कोळशाचे ट्रक किती लागतात ते मोजून बघा. नाल्याच्या खालच्या अंगाला, राखेच्या वाऱ्याच्या दिशेला कोणाची घरं आहेत हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

आपण मात्र सुनावणीच्या दिवशी निळा झेंडा घेऊन पोहोचतो, घोषणा देतो आणि परत येतो. सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात ठेवलेला असतो, सारांश मराठीत असतो. लेखी हरकत कोणीही देऊ शकतो. ३० दिवसांत पाच जणांनी तो मसुदा वाटून वाचला तरी घोषणांपेक्षा जास्त काम होतं. कोणत्या महिन्यांत नमुने घेतले? मशीन कुठे ठेवलं होतं, वस्तीत की वाऱ्याच्या उलट बाजूला? गावातल्या विहिरींची नावं आहेत का? लोकसंख्येच्या तक्त्यात आपली वस्ती दिसते का? हे प्रश्न विचारायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

मंजुरी मिळाल्यानंतरही हक्क संपत नाही. कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अर्ज केला की प्रत द्यावी लागते, असं २००६ च्या अधिसूचनेतच लिहिलंय.

त्या मुलाचा विचार मनातून जात नाही. सम्यक आजीविकेवर प्रवचन त्याला मीही देऊ शकले असते. पण घरचा हप्ता त्याच्या पगारातून जातो. त्याच्यासारखी आपली बरीच मुलं या प्रयोगशाळांत आणि सल्लागार कंपन्यांत आहेत. त्यांच्याकडून नोकरी सोडण्याची अपेक्षा नको. सुट्टीच्या दिवशी विहारात बसून अहवालातला तक्ता कसा वाचायचा, आकडा कुठे फिरवला जातो, एवढं त्यांनी शिकवावं. मी त्याला तसं विचारलं होतं. तो म्हणाला, "नाव येणार नसेल तर येतो ताई." चार रविवार आला. आता आमच्याकडे सात जणी आहेत ज्या ईआयए वाचू शकतात, त्यातल्या दोघी दहावी नापास.