आजीच्या पेटीतील केशालंकार

फॅशनचे चक्र फिरत असते आणि जुने ते पुन्हा नवे होऊन येते, हे वाचकांना सांगावयास नकोच. सध्या ही पाळी केशालंकारांची आहे. लग्नसमारंभांत अंबाड्यावर मूद, राखडी, केतकी, अग्रफूल ही पुन्हा दिसू लागली असून वेणीच्या टोकाशी गोंडेही झुलू लागले आहेत. राजस्थानातील बोर आणि तमिळनाडूतील जडैनागम हे अलंकारदेखील आता इतर प्रांतांतील मुली हौसेने घालतात.

मधल्या काळात हे अलंकार मागे पडले, याचे कारण उघड आहे. जड सोने पेलण्यास घट्ट अंबाडा किंवा भरघोस वेणी हवी. केस आखूड झाले, रिबिनी व क्लिपा आल्या, आणि राखडीला बसावयास जागाच उरली नाही. तशात जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले व चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. नियंत्रणाचा कायदा अखेर १९९० मध्ये रद्द झाला; पण दरम्यान कितीतरी घरांतील न वापरले जाणारे केशालंकार मोडीत निघून त्यांच्या बांगड्या झाल्या होत्या.

आज गंमत अशी, की कित्येक कुटुंबांत खरी जुनी राखडी मोडावयास काढतात आणि त्याच पैशांतून जुन्यासारखी दिसणारी नवी विकत आणतात! आपल्या घरी असा बेत चालला असेल, तर थोडे थांबावे. मोडीत केवळ सोन्याचे मोल मिळते. घडणावळ परत येत नाही. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असल्यास तिचे वजन वजा होते, खड्यांनाही बहुधा किंमत येत नाही. शिवाय एकदा आटवलेला नमुना पुन्हा हाती लागत नाही. आकडा तुटला असेल, तर तेवढाच नवा करून घ्यावा. नवा सोन्याचा दागिना घ्यावयाचाच झाल्यास त्यावरील हॉलमार्क अवश्य पाहावा.

जतन करणे अवघड नाही. लाख भरलेला दागिना गरम पाण्यात कधीही घालू नये. लाख मऊ पडून घाट बिघडतो. मोत्यांना तेल व अत्तर यांपासून जपावे. केस बांधून, तेल-अत्तर आटोपल्यावरच अलंकार माळावा, आणि काढल्यावर मऊ कोरड्या कापडाने पुसून प्रत्येक नग निराळ्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावा.

पेटीत जुनी फणीही सापडेल. ती बोटांनी जोराने चोळली असता कापराचा वास आला, तर ती बहुधा सेल्युलॉइडची समजावी. हा पदार्थ चटकन पेट घेतो, म्हणून ती दिव्यापासून व चुलीपासून दूर ठेवावी. फणी हस्तिदंती असेल, तर ती विकण्याचा विचारही करू नये. आपल्या देशात हस्तिदंताच्या व्यापारास कायद्याने बंदी आहे.

एक काम मात्र आजच करावे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना जवळ बसवून प्रत्येक दागिन्याचे नाव, तो कोणाचा व कसा घालावयाचा, हे विचारून एका वहीत लिहून ठेवावे. दागिना पेटीत सुरक्षित राहील. पण त्याचे नाव मात्र सांगणाऱ्या माणसाबरोबरच जाते.