गर्भनिरोध : मोजपट्टी एकच हवी

‘गोळ्यांनी उष्णता वाढते, तांबीने कंबर धरते, तेव्हा पाळणा लांबविण्यासाठी आपल्यातलेच एखादे निरुपद्रवी औषध द्या,’ अशी विनंती आपणांपैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात वरचेवर होत असते. औषधालयाच्या काउंटरवरही हाच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. या विनंतीमागे आयुर्वेदावरील श्रद्धा आहे, म्हणूनच तिला उत्तर देताना आपली जबाबदारी अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

उपायांची तुलना करावयाची तर मोजपट्टी एकच असली पाहिजे. शंभर जोडप्यांनी एखादा उपाय वर्षभर वापरला असता किती जणींना गर्भ राहतो, ही ती मोजपट्टी होय. कोणताच उपाय न केल्यास ही संख्या सुमारे ८५ भरते. नित्य व्यवहारात होणारी हयगय जमेस धरता निरोधच्या वापरात ती सुमारे १३, रोजच्या गोळ्यांत ७ आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनात ४ येते. तांबीत ती एकाच्या आत असते. स्त्रीच्या नसबंदीत सुमारे ०.५, तर पुरुषाच्या नसबंदीत ०.१५ इतकीच उरते. रोगसंसर्गापासून संरक्षण मात्र यांपैकी फक्त निरोधनेच मिळते.

आता आपल्या परंपरेकडे वळू. भावप्रकाशात पिप्पली, विडंग व टंकण यांचा योग गर्भनिरोधासाठी सांगितला आहे. जपाकुसुमावर प्राण्यांमध्ये प्रयोग झाले, निंबतेलाचा शुक्राणुनाशक म्हणून अभ्यास झाला, पिप्पल्यादी योगाच्या चिकित्सालयीन चाचण्याही झाल्या. हे कार्य अभिमानास्पद आहे व ते पुढे गेले पाहिजे. परंतु यांपैकी एकही योग राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात तांबी वा गोळीच्या बरोबरीने स्थान मिळवू शकलेला नाही. जो योग या मोजपट्टीवर सिद्ध झालेला नाही, तो खात्रीचा म्हणून हाती ठेवणे ही रुग्णेची फसवणूक ठरेल. तो फसल्यास गर्भपाताचा प्रसंग तिच्यावर येतो, वैद्यावर नव्हे.

ऋतुकालाच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. रजोदर्शनापासून सोळा रात्री हा ऋतुकाल, म्हणून पुढील दिवस निर्धास्त, असे काही जोडप्यांस सांगितले जाते. बीजोत्सर्ग साधारणतः पुढील पाळीच्या चौदा दिवस आधी होतो. ज्या स्त्रीचे चक्र पस्तीस दिवसांचे, तिचा बीजोत्सर्ग एकविसाव्या दिवसाच्या सुमारास होणार. म्हणजे आपण ज्यांना निर्धास्त म्हटले, नेमके तेच दिवस तिला गर्भधारणेचे ठरतात! शास्त्रकारांनी ऋतुकालाचा विचार मुख्यतः सुप्रजननासाठी, गर्भाधान साधण्यासाठी केला. गर्भ टाळण्याचे वेळापत्रक म्हणून नव्हे. त्याचा विपरीत उपयोग करून दोष शास्त्राच्या माथी मारू नये.

मग वैद्याने करावयाचे काय? आमच्या मते, सर्वांत मोठे कार्य पुरुषांच्या बाबतीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के आहे. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. उदर उघडावे लागत नाही, बिनटाक्याच्या पद्धतीत तर लहानशा छिद्रातून ती होते. मग पुरुष मागे का सरतो? ‘धातू जाईल, अशक्तपणा येईल’ ही भीती त्याच्या मनात असते, आणि ही भाषा आपली आहे. ती दूर करण्याचा अधिकारही म्हणूनच आपला आहे. या शस्त्रक्रियेत केवळ शुक्राणू वाहून नेणारी नलिका बंद होते. वृषणातील अंतःस्राव चालूच राहतो, वीर्याच्या मात्रेतही जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पहिले तीन महिने मात्र अन्य साधन वापरावे लागते, हे त्याला बजावून सांगावे. उलट नसबंदीनंतरच्या ‘कमजोरी’वर वाजीकरण योग खपविले जात असतील, तर तो आपल्याच शास्त्राचा द्रोह होय.

सूतिकेच्या बाबतीतही आपला शब्द मोलाचा असतो. बाळ सहा महिन्यांच्या आत, केवळ स्तन्यावर, आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही अटी पूर्ण असतील तोवरच स्तनपान हा भरवशाचा उपाय आहे. एक अट सुटताच दुसरा उपाय हवा. पस्तिशीपुढील तंबाखू ओढणारी, रक्तदाब वाढलेली किंवा नुकतीच प्रसूत झालेली स्त्री संयुक्त गोळ्या घेत असल्याचे कळले, तर तिला तत्काळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. बहात्तर तासांच्या आतील गोळी ही आणीबाणीपुरती आहे, हे औषधालयचालकांनी प्रत्येक ग्राहकास सांगावे. स्त्रियांतील गर्भनिरोधाच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार अधिनियमाच्या कक्षेत येते, याचेही स्मरण असावे.

‘आमच्याजवळ यासाठी खात्रीचे औषध नाही, पण योग्य उपाय निवडण्यास आम्ही मदत करू,’ असे म्हणण्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. रुग्णेचा विश्वास टिकतो, आणि उद्या एखादा योग खरोखर सिद्ध झाला तर आपला शब्द ऐकला जाईल.