जादू : पुस्तकातली आणि पुस्तकाबाहेरची

उंब्रजच्या आपल्या निवासी शाळेत बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा शिकवल्या जातात. अशा शाळेच्या ग्रंथालयात चेटकिणी-राक्षसांची पुस्तके असावीत काय, असे काही पालक आम्हांस विचारतात. प्रश्न आस्थेचा आहे. आमचे उत्तर मात्र ‘असावीत’ असेच आहे.

किशोरांच्या आणि प्रौढांच्या साहित्यातील जादू एकसारखी नसते. रत्नाकर मतकरी यांनी दोन्ही प्रकारांत लेखन केले. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण मुलांना घाबरवते, त्याहून अधिक हसवते. पडदा पडला की भीतीही संपते. प्रौढांसाठी लिहिलेल्या त्यांच्या गूढकथांत मात्र अघटित हे ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसात दडलेले असते आणि कथा संपली तरी मनातून जात नाही.

आपल्या परंपरेतील वेदब्भ जातकात या दोन्ही जादू एकत्र आढळतात. एका ब्राह्मणाला आकाशातून रत्ने पाडण्याचा मंत्र येत असतो. त्याचा शिष्य असलेले बोधिसत्त्व त्याला सावध करतात. तरीही दरोडेखोरांच्या हाती सापडताच तो मंत्र म्हणतो. रत्ने पडतात, परंतु त्या धनापायी तो मारला जातो आणि दरोडेखोरही एकमेकांचा जीव घेतात. लहान मुलाला येथे रत्नांचा पाऊस दिसतो, मोठ्याला लोभ. मंत्र खरा ठरूनही कोणाला तारत नाही. केवट्ट सुत्तात तथागतांनीही चमत्कारांचे प्रदर्शन नाकारले आणि उपदेशाचे प्रातिहार्य श्रेष्ठ मानले.

धोका पुस्तकातल्या जादूचा नाही. पुस्तकाबाहेर येऊन जी पैसा, अब्रू आणि प्राण मागते, त्या जादूचा आहे. आपल्याच साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर तिच्याशी आयुष्यभर लढले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा गुन्ह्यानंतर धावून येतो. विवेक आधीच रुजवावा लागतो. गोष्टीतली जादू माणसानेच रचलेली असते, हे ज्या मुलाला वाचता वाचता उमगले, त्याला अंगारे-धुपारे देणारा भोंदू ओळखणे कठीण जात नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की मुलाच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका. भेटीला याल तेव्हा एवढेच विचारा : ‘ही जादू नसती, तर गोष्टीतल्या माणसांनी काय केले असते?’